बिनफोडणीचं वरण

लहाने सरांना शिंक आली, की आमच्या गल्लीतली दारं पटापट लागायची. रोगाच्या भीतीनं नव्हे. सर्दी काय, कोणालाही होते. दारं लागायची ती सरांच्या भीतीनं. शिंक आली की साधी माणसं नाक पुसतात आणि कामाला लागतात. सर टोपी घालायचे, चपला पायात सरकवायचे आणि गल्लीच्या पहिल्या घरापासून सुरुवात करायचे. प्रत्येक दारासमोर, ओट्यापासून चार हात लांब उभं राहून खणखणीत आवाजात जाहीर करायचे, "मले सर्दी झाली हो! सांगून ठेवतो. मागून म्हनू नका!"

समोरचा जेवत असो, झोपलेला असो, नाहीतर देवापुढे बसलेला असो. उत्तर मिळेपर्यंत सर हलत नसत. "बरं, बरं, कळलं," असं आतून कोणी ओरडलं, की पुढचं घर.

ही मेहकरची गोष्ट. महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायचो आणि लहाने सर शास्त्र. आमची घरं एकाच भिंतीची. त्यामुळे त्यांची शिंक सगळ्यांत आधी मलाच ऐकू यायची, आणि सरांची फेरी निघायच्या आत दार लावायचं की नाही, हा प्रश्न पडायचा. बहुतेक वेळा मी लावायचो.

एकदा गल्लीतल्या शिंप्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले होते. बैठक भरलेली, पोह्यांच्या बशा हातात, मुलगी नुकती पाटावर येऊन बसलेली. तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मले कालपासून कसकस हाय, अन् घसा धरला! सांगून ठेवतो!"

मुलाच्या मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "हे मुलीचे कोण?"

"कोनी नाई जी," शिंपी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "शास्त्र शिकवतात."

आता सोयरीक मोडली म्हणून आम्ही सगळे हळहळलो. पण झालं भलतंच. मुलाच्या बापानं तिथल्या तिथे होकार दिला. ज्या गल्लीत माणूस आपली सर्दीसुद्धा सांगून टाकतो, तिथले लोक मुलीबद्दल काय लपवणार, असा त्याचा हिशेब. लग्नात शिंप्यानं सरांना टोपी-उपरणं केलं. सरांना त्याचं काही वाटलं नाही. ते म्हणाले, "मी तं माहं काम करून राह्यलो."

स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत मात्र हीच सवय त्यांना नडली. लोणारकडची एक सोयरीक चालून आली होती. मुलीचे वडील घरी आले, तेव्हा सरांनी त्यांना गूळ-पाणी दिलं आणि मग आपल्या घराण्यातले सगळे आजार सांगितले. आजोबांची मूळव्याध, आत्याचा दमा, चुलत्याची अर्धांगवायूनं वाकडी झालेली मान. मुलीचे वडील पाणी पिऊन जे उठले ते परत आले नाहीत. सर एकटेच राहिले. पंचेचाळिशी उलटली तरी एकटेच होते.

या सगळ्याचं मूळ शोधायचं तर नागपूरला जावं लागतं. शास्त्र शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिराला सर तिथे गेले आणि परत आले ते निराळेच होऊन. सर्दी सांगायची सवय त्यांना आधीपासून होती, पण ती नुसती सवय होती. नागपुरात तिला शास्त्राचा आधार मिळाला. शाळेत पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"राऊत, तुमाले पेशी माईत हाय ना? शरीरातलं घर. अन् विषाणू?"

"ऐकून आहे."

"घरजावई हाय तो! त्याले सोताचं घर नाई, चूल नाई, भांडं नाई. दुसऱ्याच्या घरात शिरते, त्यायच्याच चुलीवर रांधते, अन् आपलीच पोरं वाढवते. शेवटी घर पाडून समदी पोरं घेऊन शेजाऱ्याच्या घरात शिरते."

"भयंकर आहे."

"आता खरी गंमत ऐका. ज्या घरात तो शिरला, ते घर बहुधा वाचत नाई. पन मराच्या आंदी ते काय करते? शेजाऱ्यायले सांगावा धाडते!" इथे सरांचा आवाज फाटला. "एक प्रथिन सोडते बाहेर. त्यानं घरजावई मरत नाई बरं का. त्यानं नुसता शेजारी जागा होते. तो आपली चूल विझवते, भांडे उपडे घालते. मंग घरजावई आला तरी त्याले रांधाले काई भेटत नाई! सोता मरून राह्यलं ते घर, अन् शेजाऱ्याची काळजी करते. मानसानं काय कराव मंग?"

माणसानं काय करावं हे आम्हाला गल्लीत दिसतच होतं.

हा धडा सर दरवर्षी शिकवत. पुस्तकात त्यातलं अवाक्षर नव्हतं, पण पोरांना दुसरं काही आठवत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एका पोराला विचारलं, "विषाणू म्हणजे काय?" पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "घरजावई, साहेब. दुसऱ्याच्या घरात राहून फुकट खाते." हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला, कारण साहेब बुलडाण्यात सासऱ्यांच्या माडीवर राहतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षी शाळेला प्रयोगशाळेचं अनुदान मिळालं नाही. पोरांनी मात्र सरांचं नाव ठेवलं सांगावा सर, आणि ते गावभर झालं.

धड्याचा शेवट मात्र सर नेहमी अर्ध्यावर सोडायचे. शेजारच्या वर्गातून मला ऐकू यायचं. "काई घरजावई लय हुशार असतात, पोरंहो. आत शिरल्याबरोबर ते पह्यले सांगावा धाडनाऱ्याचंच तोंड दाबतात. बाहेरून पाहाल तं समदं नेहमीसारखं. शेजाऱ्याले वाटते, तिकडे बरं हाय." एवढं बोलले की आवाज थांबायचा. फळा पुसल्याचा आवाज यायचा, आणि घंटेला वेळ असूनही पोरं बाहेर सुटायची. मला वाटायचं, पुढचं त्यांनाच येत नसेल.

नागपुरात त्यांनी तिथल्या प्राध्यापकांना एक प्रश्न विचारला होता म्हणे. "साहेब, सांगावा घरच्याच मानसानं दाबला तं?" प्राध्यापक हसले आणि हा शास्त्राचा प्रश्न नाही म्हणाले. सर ही हकिकत मला सांगायचे, पण हसायचे नाहीत.

सरांचं दुसरं खूळ होतं वरणाचं. ते हातानं रांधून खायचे, स्टोव्हवर, आणि वरणाला फोडणी देत नसत. तेल नाही, जिरं नाही, लसूण नाही. डाळ शिजली, मीठ-हळद पडली, झालं. माझ्या आईच्या दृष्टीनं सर्दीच्या दवंडीपेक्षा हे वाईट होतं.

"असं पानचट वरन घशाखाली उतरते तरी कसं मानसाच्या?" ती म्हणायची. एकदा न राहवून तिनं खमंग फोडणीचं वाटीभर वरण भिंतीपलीकडे पाठवलं. वाटी तशीच परत आली, धुतलेली सुद्धा नाही, भरलेली. बरोबर निरोप, "माय, लय उपकार. पन मले नाई चालत." आई आठवडाभर धुमसत होती.

संध्याकाळी आमच्या चुलीवर फोडणीचा चर्र आवाज झाला, की सर चपला घालून बाहेर पडायचे आणि वास विरेपर्यंत नदीकडे फिरून यायचे. शाळेची सहल हिवरा आश्रमाला गेली तेव्हा सगळे पंगतीत वांग्याच्या भाजीवर तुटून पडले होते, आणि सर मिठाला लावून कोरडी पुरी चावत होते.

आता गंमत अशी, की एवढं बेचव खाणाऱ्या माणसाचं पोट दर सोमवारी हमखास बिघडलेलं असायचं. सोमवारी सर ओव्याचं पाणी पिऊन, कसंनुसं तोंड करून वर्गावर यायचे. रविवारी ते डोणगावला जायचे. ते त्यांचं जन्मगाव. आईवडील केव्हाच गेलेले, घर विकलेलं, पण शेजारची एक म्हातारी काकू होती आणि ते दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे. शाळेत आम्ही चेष्टा करायचो, "सर, काकूच्या घरी पोटाला तडस लागेपर्यंत जेवता आणि आम्हाला बिनफोडणीचा उपदेश करता काय?" सर म्हणायचे, "चांगलं वाढते ती." त्यांनी कधी आणखी काही सांगितलं नाही, आणि सर्दी सांगणाऱ्या माणसानं काही राखून ठेवलं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मग माझ्या मुलीला, सुमीला, गोवर निघाला.

आमच्याकडची रीत अशी, की घरात माता आली म्हणजे गोवर, कांजण्या, देवी काहीही निघालं, की त्या घरात फोडणी बंद. चर्र आवाज मातेला सोसत नाही म्हणतात. तळण नाही, भाजीत झणका नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा. या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आईपुढे माझ्या विश्वासाला कोणी विचारत नव्हतं. ती डाळ नुसती शिजवून वाढायची आणि आम्ही मुकाट खायचो.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी सर आमच्या अंगणात येऊन उभे राहिले, नेहमीसारखे लांब.

"गोवर?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणालो. डहाळा आईनं मागच्या दाराला लावला होता.

"तुमच्या मायच्या चुलीनं सांगतलं. भितीपलीकून फोडनीचा वास नाई येत दोन दिवसांपासून." ते चार हात सोडून एकदम ओट्याजवळ आले आणि पायरीवर बसले. "असं पायजे, राऊत. घर असं पायजे." आणि त्यांचे डोळे भरून आले. गोवर काही एवढा मोठा नव्हता, सुमी आत लिमलेटची गोळी चघळत पडली होती. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

त्या संध्याकाळी त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

सर तेव्हा मॅट्रिकला होते. त्यांना एक धाकटी बहीण होती, यमी, सहा-सात वर्षांची. शेजारी सरूकाकूचं घर. मधे कंबरेएवढी मातीची भिंत. यमी दिवसातून कितीदा तरी ती भिंत ओलांडायची. काकूच्या मुलीचं लग्न ठरलं. वरात दाराशी यायला चार दिवस राहिले असतील नसतील, आणि काकूच्या मुलाला, किसनला, गोवर निघाला.

"आता घरात माता आली म्हनलं का लग्न पुढं गेलं," सर म्हणाले. "वरपक्ष तालेवार. आयतेच फिरले असते. अन् पोरगी घरात बसली असती. काकूनं काय केलं? डहाळा लावला नाई. पोराले मागच्या खोलीत निजवलं. अन् रोज सकाळ-संध्याकाळ फोडनी देली. लसूण ठेचून, कडक, साऱ्या गल्लीत वास जाईन अशी. मह्या मायनं वास घेतला अन् म्हनली, चला, सरूच्या घरी लग्नाची धामधूम चालू हाय. यमी तिकडंच खेळत राह्यली."

लग्न थाटात झालं. दुसऱ्या दिवशी लग्नासाठी नेलेलं भांडं घेऊन येण्यासाठी सर काकूकडे गेले, तेव्हा मागच्या खोलीत पडलेला किसन त्यांना दिसला. अंगावरचा पुरळ सुकत आलेला. ते काही बोलले नाहीत. पुढे यमीला गोवर निघाला, मग छातीत कफ भरला. किसन वाचला. यमी गेली.

"तुम्ही घरी सांगितलं नाही?"

"सांगून? मह्या बापानं कुऱ्हाड घेतली असती हातात. अन् ती नवी नवरी नांदत होती, तिले सासरच्यायनं हाकललं असतं. कोनाले सांगू?"

मला संताप आला. त्यांच्या वतीनं आला. "आणि तुम्ही दर रविवारी त्याच बाईच्या हातचं जेवायला जाता?"

"तिले दुसरं कोन हाय? नवरा मेला. पोरगी बाळंतपनात गेली. किसन्या अकोल्याले कापसाच्या जिनिंगमंधी, पोळ्याले तोंड दाखवते."

"आणि फोडणी?"

"खातो. नाई खाल्ली तं तिले समजन, मले माईत हाय म्हनून."

दर सोमवारच्या ओव्याच्या पाण्याचा उलगडा मला असा झाला. मी म्हणालो, "सर, एकदा विचारून टाका तिला. मोकळे व्हा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "विचारून भेटते ते उत्तर, राऊत. सांगावा नाई. ज्या घरात तो शिरला त्या घरानंच हाक माराव लागते. तिनं मराच्या आंदी मले एकदा सांगाव, एवढंच मांगनं हाय माहं. मी तिले एक वाकडा शब्द बोलनार नाई. पन ती आता थकली, अन् अजून रोज फोडनी देते."

ते उठले, चपला घातल्या. जाताना सुमीसाठी खिशातून एक पेरू काढून ओट्यावर ठेवला.

त्यानंतर मी सोमवारी सरांची चेष्टा केली नाही. दुसरे करायचे, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचायचो.

त्याच हिवाळ्यात डोणगावकडून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला, की काकू पडून आहे, अन्न जात नाही. रविवारी सर म्हणाले, "राऊत, संगं चालता का? दवाखान्यात आनाव लागलं तं एकल्याच्यानं होनार नाई." मी गेलो.

काकू मला वाटली होती त्याहून लहान निघाली. अगदी चिमुकली बाई, तोंडात दात नाहीत, डोळे मात्र तरतरीत. गोधडीवर बसून होती. सरांनी गाडीची, डॉक्टरची भाषा काढताच तिनं हात झटकला. "डाक्टर काय करन रे नाऱ्या? वय झालं. घरी पाव्हना आनला अन् त्याले उपाशी दवाखान्यात नेशीन काय?" आणि ती भिंत धरत धरत चुलीपाशी गेली. सर मागे धावले, मी करतो म्हणाले, तिनं त्यांना काठी उगारली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत पोत्यावर बसलो. मधली ती मातीची भिंत खिडकीतून दिसत होती. तिच्यावर आता पलीकडच्या लोकांनी दोडक्याचा वेल सोडला होता.

मी कान देऊन होतो. चूल पेटल्याचा वास आला, डाळ रटरटल्याचं ऐकू आलं, भाकरी थापल्याचं आलं. चर्र आवाज काही आला नाही. मी सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

काकूनं दोन ताटं आणली. भाकर, हिरवी मिरची, मीठ आणि वाटीत वरण. नुसतं पिवळं वरण, वर तेलाचा थेंब नाही.

सर त्या वाटीकडे पाहत बसले. घास घेईनात.

"आज फोडनी नाई देली," काकू म्हणाली. ती आमच्यासमोर जमिनीवर टेकली होती, धाप लागलेली.

"असू द्या, काकू."

"असू कशी देऊ? तवा द्याले नोको होती." तिनं पदर तोंडावर ओढला, मग परत बाजूला केला. "किसन्याच्या अंगावर गोवर होता रे. लगन मोडलं असतं. म्या चुलीम्होरं बसून फोडनी देत होती, अन् तुही यमी भितीवर चढून हाका मारत होती. काकू, काय रांधलं? काकू, काय रांधलं? नोको येऊ म्हनावं तं तुह्या मायले संशय आला असता. म्या म्हनलं, ये. ये ना माय, म्हनलं. म्या बलावलं तिले."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

"तुले माईत होतं?" काकूनं विचारलं.

सरांनी हिरवी मिरची ताटाच्या कडेला सारली. मग म्हणाले, "हाव. भांडं न्याले आलतो, तवा किसन्याले पाह्यलं."

"अन् एवढे साल माही फोडनी खात होता?"

"चांगली राहे, काकू."

"झूटं नोको बोलू," म्हातारी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "घास गिळताना पाहत होती ना मी तुले. दर आयतवारी वाटे, आज हा इचारन. आज इचारन. तू इचारेच ना."

"अन् मले वाटे तुमी सांगसान."

मला यमीपेक्षाही त्या क्षणी या दोघांचं वाईट वाटलं. एवढी वर्षं समोरासमोर बसून एकानं वाढलं होतं आणि दुसऱ्यानं गिळलं होतं.

मग सरांनी भाकर कुस्करली, तिच्यावर वरण ओतलं, मऊ कालवलं, आणि ताट उचलून काकूपुढे ठेवलं. "आंदी तुमी जेवा. दोन दिवसांच्या उपाशी हायत." काकूनं खाल्लं. थोडंसंच, पण खाल्लं. दवाखान्यात यायला ती काही तयार झाली नाही. "पुढच्या आयतवारी पाहू," म्हणाली.

परतीच्या एस.टी.त सर खिडकीशी बसले होते. मी म्हणालो, "सर, झालं ना तुमच्या मनासारखं? सांगितलं तिनं."

"हाव." त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. "राऊत, तिनं बलावलं हे मले माईत नव्हतं. मी अभ्यास करत होतो. यमी माह्या पाठीवर पडून खेळत होती. म्या तिच्या पाठीत धपाटा घातला अन् म्हनलं, जा, काकूकडे जाऊन मर." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "हेच शब्द. मले सारी जिंदगी वाटे, माह्याच बोलन्यानं गेली ती. अन् काकूले वाटे, तिच्या बोलन्यानं. म्या जा म्हनलं, तिनं ये म्हनलं. दोघंबी दाबून बसलो."

"मग मघाशी का नाही सांगितलंत तिला? तिच्या मनावरचा भार तरी हलका झाला असता."

"तोंडापर्यंत आलतं. पन ती जेवत होती ना. म्हनलं, जेवू द्या सुखानं. पुढच्या आयतवारी सांगतो. आता काय, आता आमचं बोलनं सुरू झालं." आणि ते हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. सोमवारी शाळेत ओव्याचं पाणी नव्हतं. वर्गात त्यांनी घरजावयाचा धडा घेतला, आणि मी ऐकत होतो, त्या दिवशी तो शेवटापर्यंत घेतला.

कंडक्टरचा पुढचा निरोप रविवारच्या आतच आला.

सर मातीला जाऊन आले ते संध्याकाळी. गल्लीत चपलांचा ओळखीचा आवाज झाला, आणि पहिल्या घराचं दार धाडकन लागलं. सर त्या दारासमोर चार हातांवर उभे राहिले. मी ओट्यावरून पाहत होतो. आतून कोणीतरी ओरडलं, "बरं, बरं, कळलं!"

"मले सर्दी नाई झाली," सर म्हणाले. "माही काकू गेली. सांगून ठेवतो."

दार हळूच उघडलं. शिंपी डोक्यावरची टोपी काढून बाहेर आला. सर पुढच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक दारात तेच, तेवढंच. लोक मागे मागे बाहेर येऊन ओट्यावर उभे राहत होते. सगळ्यांत शेवटी ते आमच्याकडे आले.

आई दारात आली. "पाय धुवा, भाऊ, अन् बसा," ती म्हणाली. "डाळ शिजली हाय. तुमच्यासाठी तशीच बाजूले काढते."

"नाई, माय," सर म्हणाले. "फोडनी द्या. लसूण जरा जास्त टाका."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं चर्र आवाज झाला. सर पायरीवर बसून होते. चपला त्यांच्या पायाशीच होत्या, पण त्यांनी त्यात पाय घातले नाहीत.

जेवायला बसल्यावर त्यांनी दोनदा वरण मागून घेतलं. मग घास हातात तसाच धरून माझ्याकडे वळले.

"माहंच सांगाचं ऱ्हायलं, राऊत," ते म्हणाले.

आईनं विचारलं, काय म्हणतात? मी त्यांच्या वाटीत आणखी थोडं वरण वाढलं.